सन पंचवीसशे एक

सिताराम येलवे यांची छत्तीस वर्षं कोर्टात गेली. पट्टेवाला म्हणून लागले आणि रेकॉर्डरूमचे कारकून म्हणून निवृत्त झाले. या छत्तीस वर्षांत लोकांचे काडीमोड, वारसदाखले, भावाभावांचे दावे असं सगळं त्यांनी फितीत बांधून मांडणीवर चढवलं आणि मागणी आली की खाली काढलं. कुठला कागद कुठल्या कागदावाचून लंगडा पडतो हे येलव्यांना न वाचता कळतं, असं कोर्टातले वकील म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र वाशीच्या सिडकोच्या घराचा अर्ज सोडला तर कागदाचं म्हणावं असं मोठं काम कधी निघालं नव्हतं.

ते निघालं १९८६ च्या जानेवारीत, निवृत्तीला आठ महिने झाल्यावर.

त्यांची एकुलती एक मुलगी सुमेधा पुण्याला दोन वर्षं हॉस्टेलवर राहून पालीत एम.ए. करून आली होती, आणि गेल्या जूनपासून वाशीतल्याच एका शाळेत शिकवत होती. एका रविवारी तिनं घरी एक पाहुणा आणला. सडपातळ, सावळा, हसरा. नाव विरात. थायलंडमधल्या लांपांग गावचा शाळामास्तर, रजा काढून पुण्याला पाली शिकायला आलेला. पुण्याला सुमेधाच्या वर्गात होता, आणि अजून तिथंच शिकत होता. दारातच वाकून त्यानं दोन्ही हात जोडले आणि पुणेरी वळणाच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "बाबा, मी सुमेधाशी लग्न करायला विचारायला आली आहे."

सगुणाबाई, म्हणजे सुमेधाची आई, यांनी त्या दिवशी पाहुण्याला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी लेकीला विचारलं, तिकडं लोक खातात काय? भात, सुमेधा म्हणाली. आणि मासळी, सुकट, तिखटजाळ चटणी. भाकरी तव्यावर टाकत सगुणाबाई म्हणाल्या, "मग आपल्या कोकणातल्यावानीच हाय की."

सितारामांनी होकार दिला तो वेगळ्या रीतीनं. कपाटातून एक कोरी फाईल काढली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'सुमेधा – विवाह' असं लिहिलं आणि विरातला समोर बसवून पासपोर्ट मागितला. त्यात त्यांनी इथल्या राहण्याच्या परवान्याची तेवढी मुदत पाहिली, ती तीस एप्रिलपर्यंत होती. मेच्या मध्याला लांपांगची शाळा उघडायची, तेव्हा त्याला हजर व्हायचं होतं. सुमेधाला बरोबर न्यायचं तर तिला व्हिसा हवा, व्हिसाला विवाहाचा दाखला हवा, आणि तो दाखला ठाण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडून, कारण वाशी ठाणे जिल्ह्यात. दोघांपैकी एकानं जिल्ह्यात तीस दिवस राहिल्याचा पुरावा दाखवून नोटीस द्यायची, ती आणखी तीस दिवस फलकावर राहायची, कुणाची हरकत नसेल तर तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. सितारामांनी कॅलेंडर काढून बोटांवर दिवस मोजले. दिवस पुरेसे होते, पण हातात फार उरतही नव्हते. ते मोजताना त्यांच्या अंगात, कोर्टात एखाद्या गाजलेल्या खटल्याची तारीख लागल्यावर यायचा तसा, उत्साह भरला.

सगुणाबाईंचे भाऊ बाजीराव चिपळूणहून आले होते. त्यांचं म्हणणं, विहारात लग्न लावा, चार माणसं जेवू घाला, हवाय कशाला एवढा खटाटोप? सितारामांनी समजावलं की विहारात लग्न तर लागणारच, पण त्यावर विमानात बसता येत नाही.

शेजारी श्यामसुंदर प्रधान बँकेत होते. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, मीनानं, साक्षीदार व्हायचं कबूल केलं. तिसरे बाजीराव. सुमेधाच्या पासपोर्टचा अर्ज दिवाळीतच टाकलेला होता. तिनं आधीपासून किती ठरवून ठेवलं होतं, हे सितारामांना त्यावरून कळलं आणि ते मनातल्या मनात हसले.

जानेवारीच्या शेवटी बापलेक बसनं ठाण्याला गेले. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज पाहिला, जन्मदाखला पाहिला, आणि रेशनकार्ड उघडल्यावर त्याचं बोट थांबलं. कार्डावर सिताराम होते, सगुणा होती. सुमेधाच्या नावावर आडवी रेघ होती.

ती रेघ सितारामांनीच मारून घेतली होती. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा, इथं न खाणाऱ्या माणसाचं धान्य उचलणं बरं नव्हे म्हणून, ते आपणहून रेशन कचेरीत गेले होते. तिथल्या बाईंनी सुद्धा त्यांच्याकडे चमकून पाहिलं होतं, कारण असं नाव कमी करायला कुणी येत नसे. सुमेधा परत आली, पण नाव पुन्हा घालायचं राहून गेलं.

शाळेचं पत्र त्यांच्याकडे होतं. विवाह अधिकारी शांत, काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले की मुलगी वाशीत नोकरी करते हे यावरून दिसतं, राहते हे दिसत नाही. नाव घालून घ्या, त्या तारखेपासून राहण्याचे तीस दिवस मोजू, मग नोटीस घेऊ. सितारामांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो, हे त्यांना ठाऊक होतं. परतीच्या बसमध्ये सुमेधा खिडकीकडे तोंड करून बसली. तिला वाटलं बाबा खचले असतील, म्हणून वळून पाहिलं, तर ते पेन्सिलीनं तिकिटाच्या मागे नव्या तारखा मांडत होते.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला रेशनकार्डावर सुमेधाचं नाव पुन्हा चढलं. त्याच महिन्यात लांपांगहून पाकीट आलं. विरात अविवाहित असल्याचा तिथल्या तालुका कचेरीचा दाखला. गोल गोल, वेलीसारख्या अक्षरांत लिहिलेला, खाली थाई सरकारचा गरुडाचा शिक्का. सगुणाबाईंनी तो उजेडात धरून पाहिला, बाजीरावांनी पाहिला, प्रधानांनी पाहिला. कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळ्यांनाच तो फार सुंदर वाटला.

सहा मार्चला बापलेक नोटीस द्यायला गेले तेव्हा विरातही पुण्याहून आला होता. त्यानं दाखल्याचा इंग्रजी तर्जुमा स्वतः करून आणला होता. कारकुनानं तो वाचला आणि चष्म्यावरून वर पाहिलं. जन्म, सन पंचवीसशे एक. दाखला दिला, सन पंचवीसशे एकोणतीस. "अजून पाचशे वर्षांनी जन्मायचेत का हे?" तो म्हणाला, पण हसत. आपल्या सनात लिहून, टाइप करून, प्रतिज्ञापत्र जोडून आणा, म्हणजे आजच नोटीस घेतो.

सितारामांची छाती फुगली. हा बौद्ध सन तर त्यांना तोंडपाठ होता. छप्पन्न सालच्या बुद्धजयंतीला भगवंतांच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली तेव्हा देशभर उत्सव झाला होता, आणि त्याच साली दसऱ्याला ते स्वतः नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते, पायात वहाण नसताना. पंचवीसशे म्हणजे छप्पन्न, हे विसरणं त्यांना जन्मात शक्य नव्हतं. मग पंचवीसशे एक म्हणजे सत्तावन्न. कचेरीबाहेर टंकलेखक बसत, त्यातल्या एकाला त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. विरात शेजारीच उभा होता. त्यानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा सितारामांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे, आणि सही केली. अडीच वाजता नोटीस दाखल झाली. भिंतीवरच्या जाळीच्या फलकात कारकुनानं ती टाचली तेव्हा सिताराम कितीतरी वेळ समोर उभे होते. येलवे हे नाव त्यांनी अशा फलकावर प्रथमच पाहिलं.

तीस दिवस गेले. हरकत आली नाही. पोलीस हवालदार पासपोर्टची चौकशी करून गेला, पाठोपाठ सुमेधाचा पासपोर्ट आला. तारीख मिळाली दहा एप्रिल. सह्या सकाळी, लग्न संध्याकाळी विहारात. चिपळूणहून माणसं आली, पुण्याहून सुमेधाच्या मैत्रिणी आल्या. सोसायटीच्या आवारात मांडव पडला.

दहा तारखेला ठाण्याच्या कचेरीत सगळे नव्या कपड्यांत ओळीनं बसले होते. अधिकाऱ्यांनी एकेक कागद पासपोर्टशी ताडून पाहायला घेतला. मग त्यांनी तर्जुमा आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. पासपोर्टात विरातचं जन्मसाल अठ्ठावन्न होतं. प्रतिज्ञापत्रावर सत्तावन्न.

"येलवेसाहेब," ते म्हणाले, "दोन तारखांचा माणूस एकच आहे हे मी कशावरून धरू? त्यांच्या वकिलातीचं पत्र आणा. पत्र आलं की लगेच तारीख देतो."

सितारामांनी दोन्ही कागद आपल्याकडे ओढून पाहिले. साल त्यांनीच मोजलं होतं. टंकलेखकाला सुद्धा त्यांनीच सांगितलं होतं. छत्तीस वर्षं लोकांच्या कागदांतल्या चुका शोधणाऱ्या माणसानं स्वतःच्या लेकीच्या कागदात चूक घातली होती.

वाशीला परतल्यावर प्रश्न आला संध्याकाळचा. स्वयंपाक तयार होता, माणसं येऊ लागली होती. बाजीराव म्हणाले, विहारात लावून मोकळे होऊ. सिताराम खाली मान घालून बसले होते. तेव्हा सगुणाबाई पदर खोचून पुढे आल्या. लग्न एकदाच लागेल, त्या म्हणाल्या, सही आणि पंचशील एकाच दिवशी. पण माणसं जेवायला आलीत, ती जेवून जातील. आणि खरोखरच त्या संध्याकाळी दीडशे माणसं न लागलेल्या लग्नाचं जेवण जेवून गेली. नवरा मुलगा बुंदी वाढत होता. मीनाताई पुढे बरीच वर्षं सांगायच्या की इतकं हसतखेळत झालेलं जेवण त्यांनी दुसऱ्या कुठल्या लग्नात पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सिताराम, सुमेधा आणि विरात खाडीपुलावरून मुंबईला थाई वकिलातीच्या कचेरीत गेले. दाराला कुलूप होतं आणि बाजूला पाटी. विरातनं ती वाचली आणि कपाळाला हात लावला. थाई नववर्ष, सोंगक्रान. कचेरी बुधवारी उघडणार होती. तो घरापासून इतका लांब होता की स्वतःचा सण विसरला होता.

मधले चार दिवस सितारामांना काढवेनात. त्यांनी कॅलेंडरकडे पाहणं सोडलं. रविवारी सकाळी विरात, जो आता प्रधानांकडे उतरला होता, एक पितळी वाटी घेऊन आला. वाटीत पाणी, पाण्यात मोगऱ्याची फुलं. आज आमचा सण, तो म्हणाला, आज घरच्या मोठ्यांच्या हातांवर पाणी घालतात आणि वर्षभरात चुकलं-माकलं त्याची क्षमा मागतात. त्यानं सिताराम आणि सगुणाबाईंना खुर्च्यांवर बसवलं, स्वतः जमिनीवर गुडघे टेकले आणि त्यांच्या ओंजळींवर धारेनं पाणी सोडलं. सगुणाबाईंना त्याच्या डोक्यावर हात कसा ठेवायचा हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मग तो तसाच बसून राहिला.

"बाबा, मला माहीत होतं," तो म्हणाला. "टायपिंगवाल्याकडे. सत्तावन्न चूक आहे, मला दिसलं होतं."

सितारामांनी मान वर केली. मग बोलला का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

विरातला मराठी सापडेना. तो सुमेधाला इंग्रजीत सांगू लागला आणि तिनं सांगितलं. त्याच्या गावात थोरल्या माणसाला चारचौघांत चुकलं म्हणत नाहीत. बाबा इतके आनंदात होते, छप्पन्न सालाची गोष्ट सांगत होते. त्याला वाटलं, आपण जन्मसाल बदलून घेऊ, पण बाबांचा चेहरा उतरलेला पाहू नये. पासपोर्टाशी कुणी ताडून पाहील हे त्याच्या लक्षात आलं नाही.

सिताराम ओल्या हातांनी बसून होते. तीन दिवस त्यांना वाटत होतं की चूक आपली एकट्याची. आता कळलं की या पोरानं ती त्यांच्यावरच्या मायेनं आपल्या अंगावर घेतली होती. त्यांना हसू यायला लागलं, आधी नाकातून, मग मोठ्यानं. सगुणाबाई घाबरून बघत राहिल्या.

"जावई," ते म्हणाले, "आमच्या घरात चुकलं तर बोलायचं. सासऱ्याला सुद्धा. ही आई बघ, रोज बोलते."

"रोज बोलावंच लागतंय," सगुणाबाई म्हणाल्या.

सोमवारी चौदा एप्रिलची जयंती होती. विरात निळा फेटा बांधून वाशीच्या मिरवणुकीत सितारामांच्या बरोबरीनं चालला. त्याला तो फेटा नीट बसत नव्हता, दर शंभर पावलांवर कुणीतरी थांबून तो सारखा करून द्यायचं. सितारामांना भेटेल त्याला सांगावंसं वाटत होतं की हे आमचे जावई, आणि ते सांगत होते.

बुधवारी वकिलातीचं दार उघडलं तेव्हा हे तिघं आधीच पायरीवर हजर होते. आतल्या अधिकारी बाई मध्यम वयाच्या, थाई. सितारामांची छप्पन्न सालची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग कागद घेतला आणि त्यावर रेघ ओढून दाखवली. भगवंतांचं महापरिनिर्वाण झालं त्या वर्षाला तुमच्याकडे आणि लंकेत एक म्हणतात. आमच्याकडे एक वर्ष पूर्ण झालं की मग एक. म्हणून पंचवीसशे तुमच्याकडे छप्पन्न साली झाले, आमच्याकडे सत्तावन्न साली. दोघांचं बरोबर, त्या म्हणाल्या, फक्त मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक.

सितारामांना हे इतकं आवडलं की त्यांनी तो रेघोट्यांचा कागद मागून घेतला. तासाभरात पत्र टाइप होऊन शिक्क्यासह हातात आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की बौद्ध सन २५०१ म्हणजे इसवी सन १९५८. दुसऱ्याच दिवशी ते पत्र ठाण्याच्या टेबलावर होतं. अधिकाऱ्यांनी ते वाचून फाईलला लावलं आणि एकवीस एप्रिल, सोमवार, असं आपल्या वहीत लिहिलं.

त्या सोमवारी सगळं इतकं झरझर झालं की बाजीरावांना पान खायला बाहेर जाऊन यायलाही सवड मिळाली नाही. तिन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या. सुमेधानं सही केली. विरातनं आधी थाईत केली, मग अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून इंग्रजीत. दाखला हातात आल्यावर सितारामांनी तो सवयीनं तपासला. नावं, तारखा, जन्मसालं, शिक्का. मग पुन्हा तपासला. मग तो विरातकडे दिला आणि म्हणाले, तू पण बघ, आणि चुकलं असेल तर बोल. विरातनं एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं आणि मान हलवली. बरोबर होतं.

संध्याकाळी विहारात लग्न लागलं. या वेळी जेवण साधं होतं, डाळभात आणि एक भाजी, कारण बुंदी आधीच झाली होती.

विमानाला आता आठ दिवस राहिले होते. मंगळवारी दाखल्याच्या साक्षांकित प्रती झाल्या. बुधवारी सुमेधाचा पासपोर्ट, दाखला, फोटो आणि विरातच्या शाळेचं पत्र असं सगळं वकिलातीत गेलं. त्याच बाईंनी सुमेधाला आत बोलावलं. सिताराम काचेबाहेर बसले होते. त्यांना आवाज येत नव्हता, पण सुमेधा एकदा बोलताना थांबली, विचारात पडली, आणि मग बाई टेबलावर हात ठेवून हसल्या एवढं दिसलं. नंतर कळलं की बाईंनी थाईत विचारलं होतं, लांपांगला सासूला काय म्हणशील? विरातकडून थोडीफार थाई शिकलेल्या सुमेधाला नेमका शब्द आठवला नाही तेव्हा तिनं सरळ पालीतला माता शब्द वापरला, आणि सासूबाईंना तो कळेल असं बाईंनी सांगितलं.

शुक्रवारी दुपारी पासपोर्ट परत मिळाला. आतल्या पानावर गरुडाचा तोच शिक्का. सुमेधानं तो उघडून बापासमोर धरला. ती रडत होती आणि हसत होती. विरातनं पायरीवरच सितारामांना वाकून नमस्कार केला.

बाई कचेरीतून बाहेर येत होत्या. त्यांनी सितारामांना विचारलं, आता तुम्ही आणि तिची आई कधी येणार?

हा प्रश्न सितारामांच्या मनात कधी आलाच नव्हता. ते म्हणाले की आमच्याकडे पासपोर्ट नाही. मग काढा, बाई म्हणाल्या, जणू बाजारातून कोथिंबीर आणायला सांगत होत्या.

एकोणतीस तारखेला विमान सुटलं. सगुणाबाईंनी विमानतळावर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. सुकटीची पिशवी सुमेधाच्या हातात देऊन त्यांनी तीनदा सांगितलं की ती कपड्यांत ठेवू नकोस.

मेच्या पहिल्या आठवड्यात सिताराम पासपोर्टचे दोन फॉर्म घेऊन आले. एक स्वतःचा, एक सगुणाबाईंचा. फोटो काढायला दोघं वाशीच्या स्टुडिओत गेली. फोटोवाल्यानं हसू नका म्हटल्यावर सगुणाबाईंना नेमकं हसू आलं आणि तीन वेळा फोटो काढावा लागला. घरी जेवणाच्या टेबलावर सितारामांनी फॉर्म भरायला घेतले. अर्जदाराचं नाव. जन्मतारीख. जन्मतारखेपाशी थांबून त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला काढला, पुन्हा पुन्हा ताडून पाहिला आणि मगच लिहिलं. सगुणाबाईंच्या जन्माचा कागद कुठेच नव्हता, त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागणार होतं, ते त्यांनी बाजूला नोंदून ठेवलं.

पुढे एक रकाना होता, परदेशी जाण्याचं कारण. तिथं त्यांचा हात थबकला.

"काय लिहिताय?" सगुणाबाईंनी विचारलं.

"तूच सांग."

त्यांनी हात पुसले आणि फॉर्मकडे बघत म्हणाल्या, "लेकीचं घर बघायचंय. एवढंच लिवा."

सितारामांनी तेवढंच लिहिलं, आणि शाई वाळवण्यासाठी कागदावर फुंकर घातली.